पाटावरची कादंबरी

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे. मार्गदर्शक सरांना ते इतकं आवडलं होतं, की त्यांनी त्याखाली रेघ ओढून बाजूला 'छान' लिहिलं होतं, आणि सर काही ऊठसूट कुणाला छान म्हणणारे नव्हते. वाक्य असं: अद्भुतरम्य कादंबरी ही एक नशा आहे, ती वाचकाला घरदार विसरायला लावते आणि सकाळी तेवढं डोकं जड ठेवून जाते. जादूगारिणी, उडत्या खाटा, बोलणारे सिंह, पोपटात जीव ठेवून निवांत झोपणारे राक्षस, अशा जुन्या कादंबऱ्या मी लहानपणापासून पोत्यानं वाचल्या. पुढं त्यांनाच धोपटून काढून डॉक्टर झाले. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे म्हणतात ते हेच. आता बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि दरवर्षी ते वाक्य पोरांना लिहून घ्यायला सांगते.

धोंड्याचा महिना त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आला होता. मी कूलरसमोर पाय पसरून परीक्षेचे पेपर तपासत बसले होते, तेवढ्यात मोठमायचा फोन आला. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. धाडच्या अलीकडं आमचं गाव, तिथं ती आणि मोठेबाबा दोघंच राहतात.

"काय करून राह्यली?"

"पेपर तपासते."

"मरू दे ते. तू त्या जादूच्या पुस्तकायची डॉक्टर हायेस ना?"

"हो. का गं?"

"मंग ये इकडं. पेशंट इथं हाये."

आणि फोन बंद. मोठमायचा फोन असाच असतो, तिकडून सुरू होतो आणि तिकडूनच संपतो. मी धाडची एसटी धरली, फाट्यावर उतरले आणि ओढणी डोक्यावर घेऊन उन्हातान्हात गावात शिरले. ती दारातच उभी होती. पाणी नाही, चहा नाही, हाताला धरून तिनं मला सरळ देवघरात नेलं, दार ओढून घेतलं आणि पाटावरची पोथी उचलून माझ्या हातात दिली.

आता ही पोथी म्हणजे आमच्या घराण्याची शान. लाल कापडात गुंडाळलेली, वर हळदीकुंकवाचे इतके थर, की मूळ लाल कुठला आणि कुंकवाचा कुठला ते सांगता येऊ नये. मोठमाय लग्न होऊन आली ती ही पोथी घेऊनच. रोज सकाळी आंघोळ झाली की देवघरात बसून ती गुणगुणत वाचायची. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती. एकदा मी पारोशी तिच्याजवळ गेले तर आजीनं असा धपाटा घातला होता, की अजून पाठ आठवते. त्यामुळं पोथी हातात पडल्यावर मी आधी चपापलेच.

"अगं, मी बसमधून आले, घामानं..."

"घाम गेला चुलीत. उघड."

उघडली. पहिली पानं गळून गेलेली. नाव नाही, गाव नाही. मधलंच एक पान समोर आलं आणि त्यावर एक सिंह मनुष्यवाणीनं विचारत होता, की हे तरुणा, या बागेत येण्याचे धाडस तू कोणाच्या जिवावर केलेस. मी पुढचं पान उलटलं. जादूगारीण. त्याच्या पुढचं उलटलं. उडती खाट.

मी अशी हसायला लागले, की खाली बसूनच घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं. गावानं, आजीनं, आज्यानं, सगळ्या घरानं जन्मभर ज्या पोथीला हात जोडले, ती चांगली जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी निघाली! मोठमाय मात्र हसत नव्हती. ती गुडघ्याला मिठी मारून माझ्या पुढ्यात बसली.

"हसून झालं असन तं ऐक," ती म्हणाली. "फसली व मी."

तिचं माहेर दुसरबीडचं. बापाचं रस्त्याच्या कडेला किराणा दुकान, आणि बापाला वाचायचं वेड. गिऱ्हाईक नसलं की तो मोठ्यानं कादंबरी वाचायचा आणि ही पोत्यावर बसून ऐकायची. मग हिचं लग्न ठरलं. सासर कडक, सुनेनं कादंबरी वाचलेली तिथं चालणार नाही, हे बापाला ठाऊक होतं. त्यानं लेकीची आवडती कादंबरी देऊळघाटच्या एका जिल्दसाजाकडून नवा पुठ्ठा घालून आणली, लाल कापडात गुंडाळली आणि म्हणाला, बाई, कोणी विचारलं तं पोथी म्हणजो. बस्स. इतकी साधी गोष्ट. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. सून रोज पोथी वाचते, हे ती गावभर मिरवत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती पोथी पाटावर बसून होती, आणि मोठमाय तिच्यात दर सकाळी सिंहाशी बोलून येत होती.

आता मूठ उघडायची वेळ आली होती, आणि तीही मास्तरांच्या दातांमुळं. अधिक महिन्यात विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात दुपारी पोथी लागते. एकानं वाचायची, एकानं अर्थ सांगायचा, हा रिवाज. गावातले रिटायर मास्तर दोन्ही कामं एकटेच करायचे. पण त्या वर्षी त्यांनी सगळे दात काढून टाकले आणि कवळी बसेपर्यंत त्यांच्या तोंडातून शब्दांऐवजी वारा यायला लागला. त्यांची पोथी ते दुसऱ्याच्या हाती देईनात. मग बायका म्हणाल्या, आपल्या गावात काय पोथीचा दुष्काळ हाये का? मोठ्या काकूची इतक्या वर्सांची पूजलेली पोथी आणा, काकूच वाचतीन! मोठमायनं डोळ्यांचं निमित्त सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. कोणी ऐकेना. उलट त्यांनी पोथीचा पाट सजवला, नारळ फोडला. आणि नारळ फुटल्यावर पोथी अर्ध्यात उठवता येत नाही.

"मग सांगून टाक ना खरं," मी म्हणाले. "फार तर चार दिवस हसतील."

"गावाले मी भेत नाही. गाव हसलं तं मी बी हसीन." तिनं आवाज खाली आणला. "यायचं काय करू?"

यायचं म्हणजे मोठेबाबांचं. मोठेबाबा एके काळी पीत असत. साधं नाही, भरपूर. शेतातून निघालेला माणूस घरी पोचेल का नाही, याची रोज संध्याकाळी पैज लागावी इतकं. मग एक दिवस, मी तेव्हा शाळेत असेन, ते आंघोळ करून देवघरात गेले, ह्या पोथीवर हात ठेवला आणि म्हणाले, आजपासून बंद. आणि खरंच बंद. तेव्हापासून थेंब नाही. गावात कुणाच्या पोराची दारू सोडवायची असली तर लोक अजून मोठेबाबांचं नाव काढतात.

"शपथ घेतली ते पोथीवर," मोठमाय म्हणाली. "अन् हे पोथीच नाही म्हटल्यावर शपथ कायची? सुटली ना शपथ! या वयात पुन्हा सुरू केली तं मी काय करू, सांग मले."

माझं हसू आटलं. म्हातारी इतकी वर्षं ही भीती घेऊन वावरत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

"दर एकादशीले देवाची माफी मागते," ती म्हणाली. "म्हन्ते, बाप्पा, पोथी खोटी हाये पन शपथ खरी राहू दे."

ठरलं ते असं. ती वाचणार आणि अर्थ मी सांगणार. कादंबरीला पोथी करून दाखवायची. जिनं अख्खा प्रबंध लिहून ह्या कादंबऱ्यांत काही अर्थ नाही असं सिद्ध केलं, तिनं आता देवळात बसून रोज अर्थ सांगायचा! सरांना कळलं असतं तर त्यांनी ते 'छान' परत मागितलं असतं.

पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. पण सुरुवात होती एका राजाची. राजाला सगळं होतं, मूल तेवढं नव्हतं. मग रानातला ऋषी, मग फळ, मग राणीला दिवस जाणं. बायका माना डोलवत होत्या. पोथीतही हेच असतं! मोठमायनं गद्याला अशी काही ओवीची चाल लावली होती, की "राजाने प्रधानाला बोलावून घेतले" हे वाक्यसुद्धा ऐकून दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. वर्षानुवर्षं गद्याला चाल लावायची सवय, दुसरं काय. मी अर्थ सांगितला, की राजा म्हणजे आपला जीव आणि मूल म्हणजे समाधान. बरा जमला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मोठेबाबा पहिल्याच खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, टोपी मांडीवर. झोपलेत की ऐकतायत, काही पत्ता लागत नव्हता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोष्ट रुळावरून घसरली. जादूगारिणीनं राजपुत्राची सावली चोरली. सावली नसलेल्या राजपुत्राला कोणी ओळखेना, आईसुद्धा दारातून हाकलून देई. जादूगारिणीनं ती सावली तांब्याच्या घागरीत कोंडली, घागर एका बारवेच्या तळाशी ठेवली, आणि ती सोडवायला प्रधानाची मुलगी पुरुषाचा वेष करून निघाली. मी घाम पुसत अर्थ सांगितला: सावली म्हणजे कीर्ती, घागर म्हणजे अहंकार, बारव म्हणजे संसार.

देवळासमोर एका शिलाईवाल्या चाचीचं घर आहे. ती ओट्यावर मशीन घेऊन बसते. वाचन सुरू झालं की तिचं मशीन थांबायचं, आणि माझा अर्थ सुरू झाला की मशीन पुन्हा घरघरायला लागायचं. रोज. मी दोनदा मुद्दाम अर्थ लवकर संपवून पाहिला, तर मशीनही लवकर थांबलं. इतकी रोखठोक समीक्षा माझ्या प्रबंधाचीही कोणी केली नव्हती.

बायकांना तर माझ्या अर्थाशी घेणंच नव्हतं. त्यांचे प्रश्न निराळे. एकीनं विचारलं, "ते पोरगी घोड्यावर बसून निघाली, तं तिनं खाल्लं काय? राजवाड्यातून निघताना कोनं बांधून देल्लं का काही?"

"ती गोष्ट आहे," मी म्हणाले. "खाण्याला तिथं महत्त्व नाही. ती म्हणजे शुद्ध बुद्धी आहे."

"बुद्धीले भूक नाही लागत का व?"

सगळा मंडप हसला. मी दुसऱ्या दिवशी पोथीत डोकावून पाहिलं, तर प्रधानाची मुलगी तीन रानं ओलांडून जाते खरी, पण जेवणाचा कुठं उल्लेख नाही. आणि इकडं मोठमाय चालीवर वाचत होती, "तेव्हा तिने कमरेची शिदोरी सोडली. शिदोरीत होती ज्वारीची भाकर आणि लसणाचा ठेचा, होऽऽ." मी डोळे फाडून पानाकडं पाहिलं. भाकर नव्हती. ठेचा नव्हता. प्रश्न विचारणाऱ्या बाईनं मात्र समाधानानं मान हलवली, की आता ठीक आहे, आता जाऊ दे तिला पुढं.

घरी आल्यावर मी धरलंच तिला. "तू पदरचं घालतेस!"

"मंग?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "दरसाल तेच ते वाचून कंटाळा नाही का येत? कधी सिंह बारका करते, कधी मोठा. एकदा तं म्या त्याले लंगडा केल्ता. तुह्या प्रबंधात लिहेल नाही का हे?"

माझ्या प्रबंधात हे लिहिलेलं नव्हतं. पाठभेदांवर माझं एक सबंध प्रकरण आहे, पण चुलीपाशी बसून दरसाल सिंह बदलणारी वाचक त्यात कुठंच नाही.

देवळात गर्दी वाढत गेली. एरवी पारावर पत्ते कुटणारे बाप्ये आता दुपारी सभामंडपाच्या कडेला येऊन बसायला लागले. "आज सिंह येतो का बे?" असं एकमेकांना विचारायचे आणि मला पाहिलं की गप्प होऊन हात जोडायचे. पोथीला अशी गर्दी गावात कधी जमली नव्हती. मास्तर तेवढे घरी धुमसत होते. त्यांच्या वाचनाला म्हणे निम्मा मंडप घोरायचा.

आणि मग विसरफळांची बाग आली. त्या बागेतलं फळ जो खाईल त्याला आपलं घर आठवत नाही, तो हसत हसत झाडाखाली पडून राहतो. प्रधानाच्या मुलीनं तिथं पडलेली माणसं पाहिली. कोणी बाप होता, कोणी नवरा होता. मोठमाय इथवर आली आणि चाल सुटली. ती साध्या आवाजात, पुटपुटल्यासारखी वाचत राहिली.

अर्थ सांगायची वेळ आली. मी घसा साफ करून म्हणाले, "विसरफळ म्हणजे मोह."

"मोह नाही व," मागून एक बाई म्हणाली. तिच्या घरचं गावाला ठाऊक होतं. "हे दारू हाये. सरळ सांग ना."

कोणी हसलं नाही. आणि मग सगळ्या बायकांच्या नजरा, पदराआडून, हळूच, मोठेबाबांकडं वळल्या. ते खांबाला टेकून तसेच होते. फक्त टोपी मांडीवरून उचलून त्यांनी डोक्यावर घातली, आणि ती पुन्हा काढून मांडीवर ठेवली. त्या संध्याकाळी ते मुकाट्यानं जेवले. मोठमायनं दोनदा भाजी वाढू का विचारलं, दोनदा ते हूं म्हणाले. ती माझ्याकडं बघत होती आणि मी ताटाकडं. पोथीचं समजलं यांना, असंच आम्हा दोघींना वाटलं. पण सकाळी ते नेहमीसारखे उठले आणि शेतात गेले. संध्याकाळी परत आले तेही सरळ चालत. मोठमाय दारातून त्यांची चाल निरखत होती. मला तिची दया आली.

समाप्तीचा दिवस उजाडला. अनारसे तळले होते, गावजेवणाला वरण-भात-बट्टी होती. मोठमायनं शेवटचं प्रकरण वाचलं. मुलगी बारवेत उतरली, घागर फोडली, सावली सुटली आणि राजपुत्राच्या पायाशी येऊन आपल्या जागी बसली. आईनं त्याला ओळखलं. बायका डोळे पुसत होत्या. चाचीनं तर मशीनवर कापड टाकून ते बंदच केलं होतं आणि ती ओट्यावरून उतरून देवळाच्या पायरीशी आली होती. मी सुटकेचा श्वास सोडला. आरती, प्रसाद आणि संपलं!

तेवढ्यात मास्तर आले. नवे दात घालून, इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्यांना दात दिसतील असं हसत. "वा वा, समाप्ती झाली म्हणायची! पोथीच्या पाया पडू द्या." ते पुढं झाले, पाटासमोर वाकले, आणि आम्ही दोघी हात पुढं करेपर्यंत त्यांनी पोथी उचलून उघडलीसुद्धा. सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"तोच तो सिंह मनुष्यवाणीने म्हणाला..." मास्तर थांबले. पान उलटलं. आणखी एक उलटलं. "अरे! ही तं कादंबरी हाये!"

मोठमायनं पदर तोंडात धरला. मी उठून उभी राहिले. "मास्तर," मी म्हणाले, "आपल्याकडं पुराण आणि अद्भुतकथा यांच्यात काटेकोर भेद पूर्वी कधीच कोणी..."

"तू थांब व जरा," तीन-चार बायका एकदमच म्हणाल्या.

त्या कोणी पोथीकडं पाहत नव्हत्या, मास्तरांकडंही नाही. सगळ्या पुन्हा मोठेबाबांकडं पाहत होत्या. गावातल्या प्रत्येकाला ती शपथ माहीत होती. जिनं विसरफळाला दारू म्हटलं होतं, तिनं तर हात घट्ट जोडून धरले होते.

मोठेबाबांनी टोपी घातली. खांबाला धरून उठले. गुडघे कुरकुरले त्यांचे.

"मास्तर, ठेवा ते पाटावर," ते म्हणाले. "मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"कादंबरी हाये ते. शपथ घेतली त्याच दिवशी पाह्यलं होतं. म्हटलं, हात ठेवाच्या आधी पाहून तं घ्यावं, आत कोनता देव हाये. उघडलं तं सिंह बोलून राह्यला!"

"अन् तरी हात ठेवला?"

"म्हणून तं ठेवला!" मोठेबाबा हसले. त्यांच्या हसण्यात जरा शरम होती. "म्हटलं, हे बेस झालं. खऱ्या पोथीवर घेतली अन् मोडली, तं पाप लागते. ह्याच्यावर घेतली अन् मोडली, तं काय होते? सिंह तं काही यायचा नाही विचाराले. घरचे खुश, आपुन मोकळे. दोन-चार दिवस काढू अन् मंग पाहू."

त्या हात जोडलेल्या बाईनंच विचारलं, "मंग मोडली काऊन नाही, भाऊजी?"

मोठेबाबांनी इकडंतिकडं पाहिलं. इतक्या माणसांत बोलायची त्यांना सवय नाही.

"हे सकाळी वाचे," मोठमायकडं हात करून ते म्हणाले. "मी पीत होतो तवा सकाळी पडून राहो, मले काय पत्ता. शपथ घेतली तं दुसऱ्या दिवशी लवकर जाग आली. दाराआड उभा राह्यलो. तं ते पोरगी बारवेच्या तोंडाशी आली होती, अन् हिनं पोथी बांधून ठेवली. आता पुढं काय झालं? मले चैन पडे ना. संध्याकाळी दारूच्या दुकानापर्यंत गेलो. मंग वाटलं, आज पेलो तं उद्या सकाळी उठनं होत नाही, अन् ते पोरगी एकटी बारवेत उतरून जाईन. वापस आलो. मंग रोज तसंच. एक संपे तं दुसरं लागे. संपलं सगळं, तं हिनं पहिल्यापासून सुरू केलं, अन् पाह्यतो तं सिंह निराळाच!"

मी प्रबंधातलं वाक्य मनात म्हणून पाहिलं. ते जिथं सुरू होतं तिथंच अडकलं.

मोठमाय मात्र पेटली. तिनं तोंडातला पदर काढला आणि उभी राहिली. "म्हंजे तुमाले माहीत होतं? इतकी वर्सं? अन् मी येडी दर एकादशीले देवाच्या पाया पडून माफी मागून राह्यली! एक शब्द नाही बोलले तुमी!"

"बोललो असतो तं तू आवाज बारीक केला असता."

मंडप खदखदून हसला. कवळी सावरत मास्तर म्हणाले, "ते सगळं ठीक हाये. पण आता सगळ्यांसमोर उघड झालं. आता ते शपथ चालायची नाही. थांबा, माझी पोथी आणतो. खरी. तिच्यावर हात ठेवा, नव्यानं घ्या."

गंमत गेली. मोठमायचा राग उतरला आणि चेहऱ्यावर तीच भीती आली, जी मला देवघरात दिसली होती. मास्तरांचं म्हणणं रिवाजाला धरून होतं.

मोठेबाबा पाटाशी आले. वाकायला त्यांना वेळ लागला. लाल कापडातल्या त्या उघड्या कादंबरीवर त्यांनी उजवा पंजा ठेवला.

"नको मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या पोथीवर घेतली तं मी मोडून टाकीन. मले माह्यावर भरोसा नाही. हे टिकते, तं हेच राहू द्या."

मोठमायनं पुस्तक लाल कापडात बांधलं, गाठ मारली आणि छातीशी धरलं. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं, चारचौघांत, पदर डोक्यावरून सरकला होता तो न सावरता.

"उद्या पहिल्यापासून सुरू करून राह्यली मी," ती म्हणाली. "दाराआड उभे राहू नका आता. आत या. पाट टाकते."